अर्धं विमान, अर्धा डोंगा

"याचा उपयोग काय?"

मंडळी, गेल्या चार महिन्यांत हा प्रश्न मला घरच्यांनी विचारलाय, शेजाऱ्यांनी विचारलाय, टीममेट्सनी विचारलाय आणि एकदा तर पार्सल द्यायला आलेल्या कुरियरवाल्यानेही विचारलाय. ज्या वस्तूबद्दल हा प्रश्न आहे ती आत्ता माझ्यासमोर टेबलावर उभी आहे. लांबी जेमतेम १८ सेंटिमीटर, पंखांचा पसारा २६ सेंटिमीटर. प्लॅस्टिकचं एक विमान. पण पोट बघाल तर होडीचं. खाली चाकंही आहेत आणि पंखांखाली दोन छोटे तरंगते पाय पण आहेत. म्हणजे नक्की काय आहे ते पाहणाऱ्याला कळत नाही. आमच्या मोझरीच्या सुतारकाकांनी ड्रॉइंग पाहिल्या पाहिल्या विचारलं होतं, "हे इमान हाय का डोंगा?"

दोन्ही, काका. म्हणून तर भानगड. :-)

तर आज या भानगडीबद्दल. आणि त्या निमित्ताने एक मत मांडायचंय, जे कदाचित तुम्हाला पटणार नाही. पण आधी विमान.

गोष्ट सुरू झाली गोव्यात. आमची नेहमीची गँग, नेहमीची ट्रिप. दाबोळीहून बोगमाळोच्या रस्त्याला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. बाकीचे सगळे बीचवर गेले आणि मी "अर्ध्या तासात येतो" म्हणून तिथे शिरलो. (तीन तास लागले. त्यावरून पुढे दोन दिवस शिव्या खाल्ल्या.) आवारात 'विक्रांत'वरून उडालेली सी हॉक, अलिझे, नंतरची सी हॅरियर अशी एकेक विमानं उभी आहेत. लोक सी हॅरियरसमोर सेल्फी काढत होते. आणि एका बाजूला, कुणीच न पाहणारं, थोडं जाडगेलं, गरीब दिसणारं एक विमान. पाटीवर नाव: शॉर्ट सीलँड.

हे भारतीय नौदलाचं पहिलं विमान! पहिलं म्हणजे अक्षरशः पहिलं. आपल्या नौदलाकडे १९५३ पर्यंत स्वतःचं एकही विमान नव्हतं. १९५३ मध्ये कोचीनला सीलँड विमानं आली, त्याच वर्षी ११ मे रोजी 'आयएनएस गरुड' हा नौदलाचा विमानतळ सुरू झाला, आणि नौदलाचा हवाई विभाग असा जमिनीवर (आणि पाण्यावर) आला. पुढे १९५९ मध्ये आयएनएएस ५५० हे स्क्वाड्रन उभं राहिलं, त्यातही सीलँड होती. 'विक्रांत' नौदलात आली १९६१ साली. म्हणजे विमानवाहू जहाज, जेट विमानं हे सगळं जे आपण छाती फुगवून सांगतो, त्याची बालवाडी म्हणजे हे जाडगेलं विमान.

बनवलं होतं बेलफास्टच्या शॉर्ट कंपनीने. हीच ती कंपनी, जिने तीसच्या दशकात एम्पायर नावाच्या मोठ्या उडत्या नौका बनवल्या होत्या. पण उडती नौका फक्त पाण्यावर उतरते. सीलँड ही 'उभयचर', म्हणजे बेडकाच्या जातीची. चाकं वर ओढली की तलाव, खाली सोडली की धावपट्टी. पहिलं उड्डाण २२ जानेवारी १९४८. दोन इंजिनं, प्रत्येकी सुमारे ३४० अश्वशक्तीची. एकूण बनली फक्त २५. आणि त्यातली १० एकट्या भारतीय नौदलाने घेतली! धंद्याच्या हिशेबाने बघितलं तर हे विमान फ्लॉपच. आज जगात त्यातली अगदी मोजकी शिल्लक आहेत. एक उत्तर आयर्लंडमध्ये, एक बेलग्रेडला आणि एक हे आपलं, गोव्याचं.

एक गंमत सांगतो. अमेरिकन नौदलाचं पहिलं विमान कोणतं? ग्लेन कर्टिसचं ए-१ 'ट्रायड', १९११ सालचं. ट्रायड म्हणजे तीन: जमीन, पाणी, हवा. तेही उभयचर! राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा आठ वर्षंही झाली नव्हती. म्हणजे दोन देशांच्या नौदलांनी बेचाळीस वर्षांच्या अंतराने हवेत पाऊल टाकलं, आणि दोघांनीही सुरुवात बेडकापासून केली. मला हे फार आवडलं. ज्याला अजून नक्की ठरवता येत नाही की आपण पाण्यातले की हवेतले, त्याने असंच विमान घ्यावं.

(मला वाटतं पुण्यात नोकरी आणि मोझरीत घर असणाऱ्या माणसाला उभयचराबद्दल जरा जास्तच जिव्हाळा वाटत असावा. असो.)

आता मॉडेल. मला हे विमान टेबलावर हवं होतं. १:७२ या मापात. हे माप विचित्र वाटतं, पण इंचात विचार करा: सहा फुटी माणूस म्हणजे बरोबर एक इंच. (मागच्या वर्षी, म्हणजे १६ एप्रिल २०२५ ला, आमच्या अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची सेवा सुरू झाली, ती एटीआर ७२ विमानाने. तेव्हा बाबांनी विचारलं, "ते तुझंच ७२ का?" नाही बाबा, ते वेगळं ७२.) स्पिटफायर म्हणाल तर या मापात डझनावारी किट्स मिळतात. मस्टँग मिळेल, मिग मिळेल. सीलँडचं तयार किट आपल्याकडच्या दुकानात मला कुठेही दिसलं नाही. २५ बनलेल्या विमानासाठी लाखो रुपयांचा स्टीलचा साचा कोण पाडणार? गणित सरळ आहे.

अशा अनाथ विमानांसाठी पूर्वी एक मार्ग होता. व्हॅक्युम-फॉर्म किट. रेअरप्लेन्स, काँट्रेल अशी काही ब्रिटिश नावं सत्तर-ऐंशीच्या दशकांत यासाठी प्रसिद्ध होती. कल्पना अगदी साधी आहे. लाकडाचा वगैरे साचा करायचा, प्लॅस्टिकचा तक्ता तापवून मऊ करायचा, साच्यावर टाकायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची. तक्ता साच्याला चिकटून बसतो. थंड झाला की आकार तयार. तुम्ही दुकानात पाहता ते पेस्ट्रीचे पारदर्शक डबे, टॅब्लेट्सच्या पट्ट्या, हे सगळं याच पद्धतीने होतं. महागडं मशीन नको, स्टील नको. एक माणूस घरात बसून वीस-पन्नास किट्स काढू शकतो.

पण घेणाऱ्याचे हाल. नेहमीच्या किटमध्ये भाग सुटे करून, खाचा पाडून, नंबर घालून मिळतात. व्हॅक्युम-फॉर्ममध्ये मिळतो एक पांढरा तक्ता, त्यात फुगवटे. कुठे कापायचं, किती घासायचं, काय कशाला जोडायचं, ते तुम्ही ठरवा. म्हणून मॉडेलवाल्यांच्या जगात 'व्हॅक' म्हटलं की लोक कानाला हात लावतात.

मी ठरवलं, साच्यापासून आपणच करायचं. तेव्हा मला वाटलं होतं दोन वीकेंडचं काम आहे. (एस्टिमेट देण्याची आपली सवय कुठे जात नाही.)

मापं होती: पंख १८.७५ मीटर, लांबी १२.८५ मीटर. ७२ ने भागलं की २६ सेंटिमीटर आणि १७.८. बाकीचा आकार फोटोंवरून. गोव्याला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा शक्य तितकं लांब उभं राहून, झूम करून फोटो काढले, कारण जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि शेपूट बारीक येतं. सेल्फीत होतं तसंच. मग कॉम्प्युटरवर फोटो ड्रॉइंगवर बसवून, ठराविक अंतरांवर पोटाचे आडवे छेद काढले, पुठ्ठ्याचे फर्मे कापले, आणि वर्क फ्रॉम होमचे पंधरा दिवस साधून मोझरीला आलो.

सुतारकाकांचं दुकान आमच्या घरामागच्या गल्लीत. एके काळी तिथे बैलबंड्या व्हायच्या, वखर, तिफण, डवरे व्हायचे. आता ट्रॅक्टर आले. काका दरवाजे-खिडक्या करतात, तेही कमी, कारण तयार दरवाजे अमरावतीहून येतात. मुलगा पुण्याला चाकणला आहे. मी फर्मे पुढे ठेवले. काकांनी एकेक उचलून उजेडाकडे धरून पाहिला. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याच्यावर प्लाष्टिक चढवाचं हाय ना?"

"हो."

"किती जाड?"

"एक एमएम."

"मंग हे माप चुकलं बाबू. उशीले खोळ चढवाची हाय, तं उशी बारीक नको का?"

मी गप्प. प्लॅस्टिक साच्याच्या बाहेरून बसणार, म्हणजे मॉडेल सगळीकडून एक मिलिमीटरने फुगणार. १:७२ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर सव्वासात सेंटिमीटर. दोन्ही बाजू धरल्या तर विमान साडेचौदा सेंटिमीटरने जाडं! चार वर्षं इंजिनिअरिंग, सहा वर्षं नोकरी, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. ज्यांनी आयुष्यात विमानात पाय ठेवलेला नाही त्या माणसाने ते पाच मिनिटांत पकडलं. याला आम्ही कोड रिव्ह्यू म्हणतो आणि त्याची मीटिंग लावतो.

फर्मे परत कापले. काकांनी शिवणीचं लाकूड घेतलं. सागवान नको म्हणाले, रेषा उठतील. पोटाचे डावा-उजवा असे दोन अर्धे साचे. आधी करवत, मग वाकस, मग रंधा, पटाशी, कानस, शेवटी पॉलिशपेपर. दर थोड्या वेळाने फर्मा लावून उजेडात धरायचं, कुठून फट दिसते ते बघायचं. मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो. एकदा मला कानस हातात दिली. दोन मिनिटांत मी नाकाजवळ खड्डा पाडला. मी सहज म्हणून गेलो, "आता अनडू कसं करायचं?" अनडू म्हणजे काय ते सांगावं लागलं. काका हसले. "लाकडाले परतीचा रस्ता नसते बाबू." मग खड्ड्यात लांबी भरली, वाळू दिली, परत घासली. नाक वाचलं. पण आजही साच्यावर तो डाग दिसतो.

इथे एक कबुलीजबाब देऊन टाकतो. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉप नावाचा विषय होता. लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासून एकमेकांत बसवायचे, त्याला 'जॉब' म्हणायचे. तो जॉब मी बाहेरून पैसे देऊन करून घेतला होता. अख्ख्या बॅचने तेच केलं होतं. वाचणाऱ्यांपैकी किती जणांनी केलंय, हात वर करा. खोटं बोलू नका. :-) तो न केलेला जॉब मी अकरा वर्षांनी मोझरीच्या सुताराकडे करत होतो.

पुढची गंमत स्वयंपाकघरात. प्लायवूडचा खोका, वरच्या झाकणाला सेंटिमीटर-सेंटिमीटरवर भोकं, बाजूला व्हॅक्युम क्लीनरची नळी. तक्ता लाकडी चौकटीत बाइंडर क्लिप्सनी धरलेला. तापवायला आईचा ओटीजी. "माह्या ओटीजीत प्लाष्टिक?" असा एक आवाज आला, पण तोवर बटण दाबलेलं होतं. (नंतर नवीन ओटीजी घेऊन द्यावा लागला. जुना आता कायमचा माझा.) हा उद्योग करणार असाल तर खिडक्या उघड्या ठेवा, आणि ज्यात अन्न शिजवता त्यात करू नका. हे मी शिकलो ते पैसे मोजून.

पहिला तक्ता पुरेसा तापला नव्हता. साच्यावर नुसती चादर टाकल्यासारखा बसला. दुसरा जास्त तापला, मध्ये पातळ होऊन फाटला. तिसरा, चौथा ठीक. प्लॅस्टिक मध्यभागी झोळीसारखं लोंबायला लागलं की तो क्षण, एक-दोन सेकंद इकडे-तिकडे. पण प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी घोळ होत होता: पोटाखालच्या पायरीत.

ही पायरी नीट समजून घ्या, कारण उभयचर विमानाचं सगळं मर्म तिथे आहे. होडीसारखं पोट असलेल्या कोणत्याही विमानाच्या तळाला मध्यावर एक खाच असते, पायरी उतरल्यासारखी. का? कारण पाणी सोडत नाही. विमान वेगाने निघालं तरी मागचा वळलेला भाग पाण्याला चिकटून राहतो, पाणी त्याला खाली ओढून धरतं. पायरी असली की पाण्याचा प्रवाह तिच्या कडेवर तुटतो, मागे हवा शिरते, चिकटलेपण संपतं आणि विमान पुढच्या भागावर घसरत, वेग घेत सुटतं. इंजिन कितीही ताकदीचं लावा, ही तळाची खाच नसेल तर पाण्यावरून उठणं मुश्कील.

आणि माझ्या साच्यात काय होत होतं? नेमक्या त्याच पायरीच्या कोपऱ्यात हवा अडकत होती. खालून व्हॅक्युम ओढतोय, पण कोपऱ्यातल्या हवेला बाहेर पडायला वाटच नाही. त्यामुळे प्लॅस्टिक तिथे शिरत नव्हतं, पायरीच्या जागी नुसता गोल उतार येत होता. उपाय शेवटी सापडला तो एक मिलिमीटरचा. ड्रिलने साच्याच्या कोपऱ्यात एक बारीक भोक, आरपार, खालच्या खोक्यापर्यंत. पुढच्या तक्त्याला पायरी कडक, धारदार उठली.

मी ओरडलोच. खऱ्या विमानात पायरी हवेला आत येऊ देते म्हणून विमान सुटतं. माझ्या साच्यात पायरीतली हवा बाहेर जाऊ दिली तेव्हा ती पायरी झाली. हायड्रोडायनॅमिक्सचं पुस्तक वाचून मला हे 'माहीत' झालं असतं. पण चार तक्ते वाया घालवून जे कळलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

बाकीचं काम म्हणजे चिकाटी. तक्त्यावर प्रत्येक भागाभोवती पेन्सिलने रेघ, कटरने ओरखडा, मग वाकवून तोडायचं, सुटतं. मग काचेवर ओला पॉलिशपेपर चिकटवून त्यावर भाग गोल गोल घासत बसायचं, कडेची जास्तीची झालर जाईपर्यंत. पाच मिनिटं जास्त घासलं की विमान बारीक. आतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावायच्या म्हणजे दोन अर्धे समोरासमोर बसतात. पंखांतून एक आडवा दांडा आरपार, नाहीतर पंख लोंबतात. शेवटी तिरंगी वर्तुळं. इंकजेट प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, त्यामुळे आधी पांढरा गोल रंगवून मग त्यावर केशरी-हिरवं. दोन वीकेंडचं काम चार महिने चाललं.

आता मूळ प्रश्न. याचा उपयोग काय?

माझा एक मित्र म्हणाला, "अरे, फाइल शोध, थ्री-डी प्रिंट मार. कशाला ही मगजमारी?" त्याचं अगदीच चूक नाही. प्रिंट माझ्या साच्यापेक्षा जास्त अचूक येईल. मी प्रिंटरच्या विरोधात नाही, पुढच्या वेळी इंजिनांची आवरणं मी प्रिंटच करणार आहे. पण त्याच्या वाक्यातला 'शोध' हा शब्द मला खटकतो. फाइल सापडते ती आधी कुणीतरी विमानासमोर उभं राहून मोजमाप केलेलं असतं म्हणून. स्पिटफायर ब्रिटिशांनी शंभर वेळा मोजलं, म्हणून त्याच्या शंभर फाइल्स आहेत. आपलं पहिलं विमान बाहेरचा कुणी येऊन आपल्यासाठी मोजेल, हे धरून आपण बसलोय का?

'विक्रांत'चं काय झालं आठवा. १९९७ मध्ये निवृत्त झाली, २०१२ पर्यंत मुंबईत तरंगतं संग्रहालय होती, मग सांभाळणं जमेना, २०१४ मध्ये भंगारात गेली आणि तुटली. आपण हळहळलो, पोस्टी टाकल्या, पुढे तिच्या पोलादाची बाइक आली तर ती घेतली. मीही हळहळणाऱ्यांत होतो. पण संग्रहालय म्हणून ती मुंबईत उभी होती त्या वर्षांत तिला बघायला मी एकदाही गेलो नव्हतो. शाळेत होतो हे कारण खरं आहे, पण नंतर कॉलेजच्या ट्रिपला आम्ही मुंबईला गेलो तेव्हाही मॉलमध्ये गेलो. एखादी गोष्ट गेल्यावर रडायला काही लागत नाही. असताना नीट बघायला वेळ लागतो.

आणि हे माझं मत आहे, मंडळी: मॉडेल करणं म्हणजे नीट बघणं. बाकी काही नाही. मी गोव्याला पहिल्यांदा तीन तास त्या विमानासमोर घालवले, भारावून गेलो, आणि आता लक्षात येतं की मला तेव्हा पायरी दिसलीच नव्हती. साचा करायला घेतला तेव्हा दिसली. म्हणून म्हणतो, ज्याचं किट मिळतं त्याचं मॉडेल खुशाल करा, पण निदान एक तरी असं करा ज्याचं किट मिळत नाही. तयार किटमध्ये सगळे निर्णय दुसऱ्याने घेतलेले असतात, आपण नंबर जुळवतो. जिथे निर्णय आपल्याला घ्यावे लागतात तिथेच बघावं लागतं.

हे काम एकेकट्याच्या हौसेवर सोडू नये असंही मला वाटतं. आपल्या संग्रहालयांनी आपल्याकडच्या विमानांची, तोफांची, इंजिनांची मोजून काढलेली ड्रॉइंग्ज लोकांना मोफत द्यावीत. आयटीआय आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना तो विकत घेतलेला 'जॉब' देण्यापेक्षा पाच जणांत मिळून एक असा साचा करायला द्यावा. त्यात ड्रॉइंग येतं, सुतारकाम येतं, प्लॅस्टिक येतं, हवेचा दाब येतो. आणि इतिहास न शिकवता येतो. खर्च किती? माझा सगळ्यात मोठा खर्च ओटीजी होता.

काकांसारखी माणसं प्रत्येक गावात आहेत हेही लक्षात घ्या. मोझरी हे तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजाचं गाव, आश्रम १९३५ पासूनचा. ग्रामोद्योग हा शब्द आम्ही इथे लहानपणापासून इतका ऐकतो की त्याचा अर्थ कधी तपासला नाही. मला वाटायचं ग्रामोद्योग म्हणजे लोणची-पापड-उदबत्ती. फर्मा उजेडात धरून फट शोधणारी नजर, हाही ग्रामोद्योगच आहे, आणि ती नजर पुढे घ्यायला त्या दुकानात कुणी नाही. एका विमानाच्या साच्याने ती वाचेल असा माझा दावा नाही. काकांना मी मजुरी दिली, पण दरवाज्यांचे दिवस त्याने परत येत नाहीत. फक्त मागच्या आठवड्यात मी व्हिडिओ पाठवल्यावर पुण्यातल्या दोघांनी विचारलं, आमचे साचे करून देतील का? दोन ऑर्डरी. बस, एवढंच.

एक शेवटची गोष्ट, जी कुणाला सांगितली नव्हती. हे सगळं सुरू व्हायच्या थोडं आधी, मी ज्या प्रॉडक्टवर दोन वर्षं काम केलं ते बंद झालं. कुणाचीच चूक नव्हती, बिझनेसचा निर्णय. एका शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हर बंद झाले आणि सोमवारी मी दुसऱ्या प्रोजेक्टवर. पगार नीट, सगळं नीट. पण आईने सहज विचारलं, "दोन वर्षं केलं ते दाखव ना मले एकदा." आणि मला दाखवता येईना. लिंक उघडत नव्हती.

तो साचा मात्र काकांच्या दुकानातल्या फळीवर आहे. मी म्हटलं घरी नेतो, तर म्हणाले, राहू दे इथंच. नाकाजवळ लांबीचा डाग, पायरीत एक मिलिमीटरचं भोक. त्या दोन्ही चुका माझ्या, आणि दोन्ही दिसतात. त्यावरून अजून नऊ विमानं निघू शकतात. नौदलाने दहाच घेतली होती.

मॉडेल पूर्ण झालं तेव्हा आधी काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी पोटाच्या जोडावरून अंगठ्याचं नख फिरवलं, कुठे अडकतं का बघितलं. मग एकच प्रश्न विचारला, जो इतक्या लोकांत कुणीच विचारला नव्हता.

"पाण्यावर तरते का?"

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! चार महिने उभयचर, उभयचर करत होतो आणि पाणी विसरलो. दुकानामागच्या टाक्यात हळूच सोडलं. क्षणभर डगमगलं, डावीकडे कललं, पंखाखालचा छोटा पाय पाण्याला टेकला आणि तिथेच थांबलं. ते पाय कशासाठी असतात ते तेव्हा डोळ्यांनी दिसलं. समोरच्या घरातली दोन पोरं धावत आली आणि त्यांनी उपयोग वगैरे काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "आमाले करता येते का?"

येतं. दिवाळीत मी पुन्हा मोझरीत आहे, तक्ते आणून ठेवलेत. तुम्ही अमरावतीकडचे असाल तर तुम्हीही या. ओटीजी माझा. :-)